धार कुठे तोडायची

त्या पत्राला एलीसेओने उत्तर दिले नव्हते.

द्यायचे नव्हते असे नाही. पत्र ऑगस्टमध्ये आले, आणि तेव्हापासून जानेवारी उजाडेपर्यंत तो कितीदा तरी कागद पुढे घेऊन बसला. एक ओळ लिहायची, वाचायची, फाडायची. सुरुवातच बावळट वाटे. सुरुवात मोडीत निघाली की पुढचे आपोआप राहून जाई.

पत्र तसे त्याच्या नावाचे नव्हतेच. बाटलीवरचा पत्ता बघून कुणीतरी ‘मालक’ अशा नावाने पाठवले होते. मालक म्हणजे निसेफोरो मामा; पण मामा पत्रे वाचत नसे. घायपात, खेचरे आणि आभाळ एवढेच त्याला वाचता येई. म्हणून भाच्याने ते फोडले.

‘तुमची पांढरी टकीला चाखली,’ असे त्यात होते. ‘स्वच्छ आहे. पुसलेल्या काचेसारखी स्वच्छ. भाजलेल्या घायपातीचा वास आहे, पण पलीकडच्या खोलीतून कुणी हळू बोलावे तसा. तुमच्याकडे जो कोणी धार तोडतो, तो वाईटाबरोबर पुष्कळ चांगलेही फेकून देतो. लाकडी पिंपात मुरवलेलीचे दोष लाकूड झाकते. पांढरीला झाकून घ्यायला काही नसते. तो माणूस कशाला भितो, हे कळवाल का? — ओतिलिया बार्रागान, ग्वादालाहारा.’

एलीसेओला आधी राग आला. मग लाज वाटली. आणि मग, हे त्याने कुणालाच सांगितले नव्हते, पत्र लिहिणारीचा हात कसा असेल याचा तो विचार करू लागला. ‘भितो’ या शब्दाशेजारी शाईचा एक ठिपका पडला होता. म्हणजे तिथे ती जरा थांबली असणार...

धार तोडणारा, म्हणजे हंड्यातून येणारी पहिली वाईट धार कुठे टाकायची थांबवून चांगली धरायची ते ठरवणारा, माणूस तोच होता.

*

एलीसेओच्या गावी, आरांदासला, जत्रेत संध्याकाळी चौकात बँड वाजतो आणि अख्खे गाव गोल फिरते. बायका-मुली आतल्या रिंगणात, पुरुष बाहेरच्या रिंगणात, उलट दिशेने. म्हणजे प्रत्येक फेरीत प्रत्येकाला प्रत्येक जण समोरून येताना दिसतो. मुलाला कुणी आवडली तर तो तिच्या हातात अनंताचे फूल देतो. पुढच्या फेरीला ते फूल तिच्या हातात दिसले, तर गाव समजायचे ते समजते. दिसले नाही, तर मुलगा बँडजवळ जाऊन उभा राहतो आणि त्याला एकाएकी संगीताची गोडी लागते.

एलीसेओ दरवर्षी फूल विकत घेई आणि दरवर्षी ते घरी नेऊन मामीच्या मेरीमातेपुढे ठेवी. मामी म्हणे, “पोर किती भाविक!”

त्या संध्याकाळी बारीक बुरबुर होती. जानेवारीत असा पाऊस आला की म्हातारे बोटे मोजून वर्षभराचे अंदाज बांधत बसतात. तरुणांना केस भिजायची काळजी. एलीसेओ खाली मान घालून चालला होता. दोनतीन पावले गेल्यावर त्याच्या लक्षात आले की आतल्या रिंगणातल्या मुली शालीत तोंड खुपसून हसताहेत. आपल्यालाच. त्याने बाजूला पाहिले.

त्याच्या शेजारून, पुरुषांच्या रिंगणात, पुरुषांच्याच दिशेने एक मुलगी चालली होती. निळी शाल, कपाळावर पावसाचे बारीक थेंब, आणि चेहऱ्यावर अगदी निरागस उत्सुकता.

“हे सगळे आपल्याकडे का बघताहेत हो?” तिने विचारले.

“तुम्ही... उलट्या चालताय.”

“मी? मी तर तुमच्याबरोबर चाललेय. उलट्या त्या सगळ्याजणी.”

“पण त्या बायका आहेत.”

“आणि मी?”

एलीसेओचे कान तापले. “तसं नव्हे... म्हणजे, बायकांनी आतून फिरायचं. इथली रीत आहे.”

“मी खालच्या खोऱ्यातली, आमातितानची. आमच्याकडे ज्याला जिकडे जायचंय तिकडे तो जातो.” ती वळली मात्र नाही. “आणि हे फूल कशाला?”

“कुणाला तरी द्यायचं असतं.”

“कुणाला?”

“समोरून येते तिला.”

“मी तर बाजूने चाललेय.”

“हो ना,” एलीसेओ म्हणाला. एकाच दिशेने चालणारी दोन माणसे जन्मभर फिरली तरी समोरासमोर यायची नाहीत, असा काहीतरी विचार त्याच्या डोक्यात येत होता. तो बोलण्यासारखा नव्हता.

“मग ते फुकटच जाणार की. द्या इकडे.” तिने फूल त्याच्या बोटांतून अलगद काढून घेतले, डोळे मिटून हुंगले. साधे हुंगणे नव्हते ते. आधी लांबून, मग जवळून, मग पुन्हा लांबून. “सकाळी खुडलंय. आणि कुणीतरी ते तंबाखूच्या डब्याशेजारी ठेवलं होतं.”

“फूलवाला चिरूट ओढतो.”

“बघा!”

त्या फुलासकट ती चौकाची पूर्ण फेरी त्याच्या शेजारून चालली. न्हाव्याने दुकानातून मान बाहेर काढली. बँडमधल्या एका तुतारीवाल्याचा सूर चुकला. तिला सांगायला हवे होते, हे एलीसेओला कळत होते. त्याने तोंड उघडलेही. पण ती पुन्हा फूल हुंगत होती, आणि तिच्या पापण्यांवर पाऊस होता... त्याने तोंड मिटून घेतले.

सर वाढली तशी दोघे चौकाच्या कमानींखाली गेली. एक बाई मक्याचे गरम आतोले विकत होती. मातीच्या पेल्यांतून वाफ येत होती.

“जत्रेला आलात?” त्याने धीर करून विचारले.

“एका माणसाला बघायला आलेय. ग्वादालाहाराला आत्याचं दुकान आहे, मी आता तिथेच असते. तिला चांगली पांढरी टकीला हवीय, म्हणून उद्या सकाळी त्याच्या कारखान्यावर जाणार. ते झालं कामाचं. खरं सांगू? मी त्याला पत्र लिहिलं होतं. पठ्ठ्यानं उत्तरच दिलं नाही.”

एलीसेओच्या हातातले आतोले हिंदकळले.

“भाजलं?”

“नाही. कसा... कसा असेल तो?”

“म्हातारा. जाड मिशा. एक नंबरचा गर्विष्ठ. माझं पत्र वाचून म्हणाला असेल, ही कोण टिकोजीराव लागून गेली.”

“कदाचित त्याला नीट लिहिता आलं नसेल.”

“ऑगस्टपासून?”

“काही जणांना वेळ लागतो.”

“तेवढ्यात माणसाचं लग्न होऊन जातं.”

“झालं?” फारच घाईने तो म्हणाला.

“काय?”

“लग्न.”

तिने फुलाआडून त्याच्याकडे पाहिले. हसू डोळ्यांत आले, ओठांपर्यंत तिने येऊ दिले नाही. “अजून तरी नाही. का हो?”

“सहज. आतोले गार होईल.”

जाताना तिने नाव विचारले. त्याने फक्त ‘एलीसेओ’ म्हणून सांगितले. तिने सांगायच्या आधीच तिचे नाव त्याला पाठ होते.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी निसेफोरो मामा कारखान्याच्या दारात हात कमरेवर ठेवून उभा होता. मागे दगडी भट्टी निवत होती. तिच्यातून काढलेले घायपातीचे गड्डे गुळासारखे तांबूस होऊन अंगणात पडले होते, आणि सगळ्या आसमंतात त्यांचा गोड, धुरकट वास भरला होता.

“अत्तर लावलंय?” मामाने विचारले. “अत्तर लावून माझ्या आंबवणीजवळ कुणी जायचं नाही. रुसते ती.”

“चाखायला येणारी बाई अत्तर लावत नाही, मामा,” ओतिलिया म्हणाली.

मामा तेवढ्यावरच विरघळला. “ये पोरी. एलीसेओ! अरे गाढवा, बाहेर ये, ती कालची फूलवाली आलीय!”

एलीसेओ तांब्याच्या हंड्यामागून बाहेर आला. बाह्या वर केलेल्या, कपाळावर घाम, आणि पळून जायला मागचे दार कुठे आहे ते शोधणारे डोळे.

ओतिलियाने त्याला ओळखले.

“तुम्ही.”

“मी.”

“धार तुम्ही तोडता.”

“हो.”

“आणि काल तासभर माझ्याबरोबर आतोले पीत बसलात!”

“तुम्ही म्हणालात म्हातारा, जाड मिशांचा. मला वाटलं, दुसऱ्याच कुणाबद्दल असेल.”

तिला हसू आवरेना, आणि त्याचाच तिला राग आला. “हसवू नका. मी रागावलेय.” तिने पिशवीतून दोन निमुळते पेले काढले, उजेडात धरून पुसले. “आधी काम. मागच्या महिन्यातली आणा.”

तिने ती ओतली, पेला तिरका करून फिरवला. काचेवर चढलेली टकीला बारीक रेघांनी सावकाश खाली उतरली. तिने नाक आधी पेल्याच्या खालच्या काठाशी नेले, मग मध्ये, मग वर. एक लहान घोट, जिभेवर जरा थांबवून. मग तोंडाने श्वास सोडला.

“तीच,” ती म्हणाली. “काही चुकलेलं नाही. काही सांगतही नाही. घायपात आठ वर्षं तांबड्या मातीत उभी राहते, ऊन खाते, पाऊस खाते. तुम्ही तिला भाजता, पिळता, आंबवता, दोनदा गाळता... आणि शेवटी तिला बोलू देत नाही. कशाला भिता हो?”

एलीसेओने हंड्याकडे पाहिले, भट्टीकडे पाहिले. मग मामाच्याच तोंडून सुटले, “इथे-तिथे कशाला बघतोस? सांग ना रोसाल्बाच्या लग्नाचं!”

“मामा—”

“ह्याच्या बहिणीचं लग्न होतं,” मामा म्हणाला. “पहिल्यांदा धार ह्याच्या हातात दिली. ह्यानं तोडली लवकर. पहिली वाईट धार राहिली की आत! दुसऱ्या दिवशी अख्खं वऱ्हाड डोकं धरून बसलं. व्हायोलिनवाला कुंपणाला टेकून रडत होता. नवरदेव म्हणाला, मी लग्नाला हो म्हणालो होतो का, मला आठवत नाही.”

“तेव्हापासून,” एलीसेओ हळूच म्हणाला, “मी थांबतो. वाईट संपलं असं वाटलं की आणखी थांबतो. मग आणखी थोडं. कुणाला त्रास नको.”

ओतिलियाचा राग कुठे गेला ते तिलाच कळले नाही. तिने पेला खाली ठेवला. “आज दुसरं गाळप आहे ना? धार कधी सुरू होणार?”

“झालीच.”

तांब्याच्या नळीच्या तोंडाशी पाण्यासारखा पहिला थेंब जमला, लोंबला, पडला. मग दुसरा. मग त्यांची बारीक दोरी झाली. एलीसेओने सवयीने पेला धरला, जोरात हलवला, बुडबुडे किती वेळ टिकतात ते बघू लागला.

“बुडबुड्यांनी जोर कळतो, मन कळत नाही,” ती म्हणाली. “ठेवा तो. हात पुढे करा.”

तिने धारेखाली बोटे धरली आणि चार थेंब त्याच्या तळव्यावर सोडले. “चोळा. आता हुंगा.”

“चिकटवायचा सरस. रंगाऱ्याच्या दुकानासारखा वास.”

“म्हणजे अजून वाईट. थांबू.”

दोघे थांबली. मामाने उगीचच शेगडीत लाकूड सरकवले. थोड्या वेळाने तिने पुन्हा थेंब घेतले, या वेळी स्वतःच्या तळव्यावर. चोळले, आणि तळवा त्याच्यापुढे धरला.

“आता?”

एलीसेओ वाकला. त्याच्या नाकाला तिच्या तळव्याची ऊब लागली. सरस गेला होता. त्याच्या जागी काहीतरी हिरवे आले होते... कच्चा पेरू, लिंबाची साल... आणि त्याच्या मागे, दार ढकलून कुणी आत यावे तशी, भाजलेली घायपात. सकाळपासून अंगणात पसरलेला तो सगळा वास त्या एवढ्याशा तळव्यावर होता. त्याने वर पाहिले. ती त्याच्याचकडे बघत होती.

रोज तो इथून पुढे थांबे. रोज हाच वास त्याने गटारात सोडला होता.

“आता,” तो म्हणाला.

“अरे, लवकर आहे अजून!” मामा ओरडला. “रोसाल्बा आठव!”

“मामा, आता!”

इतक्या मोठ्याने तो यापूर्वी कधी बोलला नव्हता. मामाने निमूटपणे पहिले भांडे काढले आणि दुसरे लावले.

ताजी धार जहाल असते. विहिरीचे पाणी घालून तिला माणसात आणावे लागते, आणि मग काही आठवडे टाकीत गप्प बसवावे लागते. तेवढा वेळ कुणाला होता? ओतिलियाने पाणी घातले, पेला फिरवला, चाखले. एलीसेओ तिच्या घशाकडे बघत होता, आणि मग आपण कुठे बघतोय हे कळून भिंतीकडे बघू लागला.

“उनाड आहे अजून,” ती म्हणाली. “पण बोलते. आधी गोड, मग मिरी, मग भिजलेली माती. शेवटाला जरा कडू लागते. भट्टीतून पहिल्यांदा निघतो तो कडू रस तुम्ही नीट वाहून जाऊ दिला नाही.”

“हो. गडबड झाली.”

“पुढच्या वेळी नको.” तिने दुसरा घोट घेतला. चाखणारे दुसरा घोट घेत नाहीत. “आत्याला सांगेन, ह्या हंड्यातलं सगळं घेऊन टाका म्हणून.”

मामाने टोपी उडवली. “पोरी, जिंकलंस! आता लग्नाची तारीख काढा, आणि तिथेही हीच प्यायची.”

“कुणाच्या लग्नाची?”

“तुमच्या! काल अख्ख्या गावासमोर ह्याचं फूल हातात घेऊन फेरी मारलीस ना? आमच्याकडे त्याला दुसरा काय अर्थ असतो?”

ओतिलियाचा चेहरा घायपातीच्या गड्ड्यासारखा भाजून निघाला. ती एलीसेओकडे वळली. “हा अर्थ असतो?”

“साधारण... हो.”

“आणि तुम्ही गप्प बसलात!”

“फूल परत मागणं बरं दिसलं नसतं.”

“फक्त म्हणून?”

इथे बोलायला हवे होते. एलीसेओच्या मनात पुष्कळ काही आले. ते सगळे ओठांपर्यंत आले, तपासले गेले, बावळट ठरले, आणि मागे गेले.

तिने पेले पिशवीत ठेवले. घाई केली नाही. त्याला वेळ दिला. मग म्हणाली, “चार वाजता माझी बस आहे. मी परत येईन असं समजू नका. माल आत्याचा माणूस येऊन नेईल. दुसऱ्यांदा विचारायची मला सवय नाही.” दारात ती थांबली. “पण माझ्या पत्राचं उत्तर राहिलंय. ते तोंडानं देऊ नका, तोंडानं तुम्ही सगळं गिळता. पोस्टानं द्या. म्हणजे मला पुन्हा पुन्हा वाचता येईल.”

*

गावचे टपालघर बसथांब्याला लागूनच आहे. तोमासाबाई तिथे तिकिटेही विकत आणि गावच्या बातम्याही पुरवत. एलीसेओने त्यांच्याकडे कागद मागितला, आणि उभ्यानेच काउंटरवर लिहायला घेतले. पहिली ओळ लिहून झाल्यावर हात सवयीने कागद चुरगाळायला गेला.

“आणखी कागद नाहीयेत हं,” तोमासाबाई म्हणाल्या.

त्याने पहिली ओळ तशीच ठेवली.

‘ओतिलिया, ही सुरुवात वाईट आहे, हे मला माहीत आहे. तुम्ही विचारले होते, तो माणूस कशाला भितो. आपल्यामुळे कुणाचे डोके दुखेल, याला भितो. काल तुम्ही चुकीच्या बाजूने चालत आलात, आणि मी तुम्हाला सांगितले नाही, कारण तुम्ही बाजू बदलली असती. फुलाचा अर्थ मला माहीत होता. मला तोच हवा होता. आज तुमच्या तळव्यावर जो वास होता, तोच माझ्या हातांनाही आहे; हात धुतले तरी तो गेलेला नाही, आणि खरे म्हणजे मी हात धुतलेलेच नाहीत. तुम्ही परत येणार नसाल तर पुढच्या रविवारी मी येतो. ग्वादालाहारात कोण कुठल्या दिशेने फिरते ते मला ठाऊक नाही. तुम्ही चालाल तिकडे चालेन. — एलीसेओ.’

पुन्हा न वाचता त्याने ते पाकिटात घातले आणि पत्ता लिहिला. तोमासाबाईंनी पत्ता वाचला, चष्मा वर केला, खिडकीबाहेर पाहिले.

“अरे, ही पोरगी तर ती काय, बसमध्ये बसलीय! जा, हातात दे. तिकीट कशाला वाया घालवतोस?”

“पोस्टानं सांगितलंय तिनं.”

“तू वेडा आहेस का रे?”

“हो. तिकीट लावा, बाई. लवकर.”

तोमासाबाईंनी कपाळाला हात लावला, मग तिकीट लावले, शिक्का ठोकला, आणि पाकीट टपालाच्या पोत्यात टाकले. कंडक्टरने पोते खांद्यावर घेतले, शिडीवर चढला, आणि बसच्या टपावर कोंबड्यांच्या टोपलीशेजारी बांधले.

एलीसेओ खिडकीपाशी गेला. ओतिलिया समोर बघत बसली होती. निळ्या शालीत ते कालचे फूल होते, कडेने पिवळे पडलेले.

“बोटांना शाई लागलीय तुमच्या,” ती न वळता म्हणाली.

“पत्र टाकलं.”

ती वळली. “खरंच? आणि पोचणार कधी?”

त्याने टपावरच्या पोत्याकडे पाहिले. मग तिच्याकडे. आणि तिने पहिल्यांदाच त्याला पोटभर हसताना पाहिले.

“तुमच्याबरोबरच.”

“म्हणजे— अहो! मग काढा ना खाली! मला आत्ता—”

“सरकारी शिक्का बसलाय. आता कसं काढणार?”

बस धडधडत सुटली. धुरळा उडाला, कोंबड्या कोकलल्या. ओतिलियाने खिडकीतून खांद्यापर्यंत हात बाहेर काढला, आणि बस चौकाच्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती तळव्याने टप थोपटत राहिली.